सकाळची सूज

“किती दिवसांपासून सूज आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

बारामतीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात टेबलाच्या अलीकडे आम्ही चौघं होतो. माझ्या मांडीवर सहा वर्षांची ईश्वरी, शेजारी माझ्या सासूबाई आणि मागे उभे ईशूचे पप्पा. प्रश्न माझ्याकडे बघून विचारला होता, कारण आई मी. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी पप्पांकडे पाहिलं आणि पप्पांनी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे.

डॉक्टरांनी ईशूच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला तो तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतल्यासारखा. मग त्यांनी लघवीचा रिपोर्ट आमच्यापुढे सरकवला. प्रोटीनच्या पुढं अधिकची चार चिन्हं होती.

“याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात,” ते म्हणाले. “किडनी म्हणजे गाळणी समजा. रक्तातलं प्रोटीन तिनं अडवून धरायचं असतं. हिच्या गाळणीची भोकं मोठी झालीत, प्रोटीन लघवीतून निघून चाललंय. रक्तात प्रोटीन राहिलं नाही की पाणी रक्तात थांबत नाही, अंगात साचतं. ही सूज म्हणजे ते पाणी.”

ईशूचं वजन साडेपंचवीस किलो भरलं. शाळा सुरू झाली तेव्हा ती साडेएकोणीस होती. म्हणजे सहा किलो पाणी घेऊन माझी मुलगी शाळेत जात होती, खेळत होती, पाढे म्हणत होती, आणि घरातल्या तीन मोठ्या माणसांपैकी एकालाही ते पाणी आहे हे कळलं नव्हतं.

उलट आम्ही खूश होतो. ते आधी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ता तसंच खूश असेल.

मी दुधाच्या शीतकरण केंद्रात लॅबला आहे. केंद्र इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या रस्त्याला, आणि आमचं घर पिंपळीला. दूध दिवसातून दोनदा येतं, म्हणून माझी ड्युटीही दोन तुकड्यांत. पहाटे पावणेपाचला स्कुटी काढायची, अकरापर्यंत सकाळचं संकलन. घरी येऊन जेवण, धुणं, पडले तर तासभर. चारला पुन्हा निघायचं, संध्याकाळचं दूध संपवून घरी यायला साडेनऊ. मी निघते तेव्हा ईशू झोपलेली, येते तेव्हाही झोपलेली. दुपारी मी घरी, तर ती शाळेत. रविवारी दुपारचे चार-पाच तास काय ते आमचे. म्हशींना रविवार नसतो, त्यामुळे मलाही पूर्ण कधी मिळाला नाही.

ईशूचे पप्पा बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर आहेत. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. माझी नोकरी कायम आहे, त्यांची नाही. त्यामुळे ‘तू नोकरी का सोडत नाहीस’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कधीच ठरलेलं होतं. तरी तो प्रश्न लोक मलाच विचारायचे. त्यांना अजून एकानंही विचारलेला नाही.

घर सासूबाईंवर. त्यांना मी आत्याच म्हणते. ईशूला उठवणं, आंघोळ, वेणी, डबा, रिक्षात बसवणं, सगळं त्याच करतात.

ईशू पहिल्यापासून काटकुळी. कोऱ्हाळ्याला माहेरी गेले की कुणीतरी तिचा दंड दोन बोटांत धरून म्हणायचंच, “पोरीकडं बघायला वेळ हाय का न्हाय गं तुला?” मी हसून न्यायची, आणि घरी येऊन स्वतःवरच चिडायची. तर त्या वर्षी दिवाळीनंतर ईशूचे गाल भरले. पोट गोल दिसायला लागलं. युनिफॉर्मच्या स्कर्टचं हूक लागेना, आत्यांनी शिवण उसवून दिली. माहेरच्या एका लग्नात माझ्या चुलतीनं तिचा गालगुच्चा घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “आता कशी गुटगुटीत झाली बघा!”

मला काय वाटलं म्हणून सांगू? मला जिंकल्यासारखं वाटलं. मी तिचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, ‘नोकरी करूनही लेकरू सांभाळता येतं.’ पुष्कळांनी हात जोडलेली चिन्हं पाठवली. आत्यांनी त्याच दिवशी मीठ-मोहरीनं तिची दृष्ट काढली.

या आजाराची सूज फसवी असते, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. रात्रभर आडवं पडल्यावर पाणी तोंडाकडे येतं, म्हणून सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजतात. दिवसभर मूल उभं राहिलं, पळालं की पाणी खाली उतरतं, तोंड बरं दिसतं आणि पायांवर सूज येते.

आता आमच्या घरात बसवून बघा. सकाळचे डोळे आत्यांना दिसायचे. त्यांना वाटायचं, मोबाईल बघून बघून झालेत. संध्याकाळी पायमोजे काढताना घोट्यावर खोल वळ पप्पांना दिसायचे. त्यांना वाटलं मोज्याचं इलॅस्टिक घट्ट आहे, त्यांनी नवीन मोजे आणले. आणि मला दिसायचं ते रविवारचं दुपारचं तोंड, ना सकाळचं, ना संध्याकाळचं. तिघांनी आपापलं बघितलेलं एकमेकांना सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण ती पाच मिनिटं तिघांना एकत्र कधी मिळालीच नाहीत.

आत्या तिला एकदा गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. त्यांनी ऍलर्जीचं औषध दिलं. दुपारपर्यंत डोळे उतरले, तर आत्यांना वाटलं गुण आला.

मग मला ताप आला. पहिल्यांदाच मी पहाटे उठू शकले नाही. सात वाजता ईशू उठून माझ्या अंथरुणाशी आली आणि “मम्मी, तू आहेस?” म्हणाली. मी डोळे उघडले. समोर जे तोंड होतं ते माझ्या मुलीचं नव्हतं. पापण्या फुगून डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या, गालावर उशीचा वळ रुतला होता. मी ओरडलेच. आत्या स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“अगं, सकाळचं असंच असतंय तिचं,” त्या म्हणाल्या. “शाळंत जाईस्तवर उतरतंय.”

“कधीपासून?”

“झालं की महिनाभर. तुला म्हाईत असंल वाटलं.”

त्याच दिवशी आम्ही डॉक्टरांसमोर बसलो होतो.

ईशूला भरती केलं. सात दिवस आम्ही तिथं होतो. रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे ते वाहून जाणारं प्रोटीन, फारच खाली आलं होतं. पोटात पाणी होतं. सलाईनमधून अल्ब्युमिन दिलं, लघवी जास्त होण्याचं औषध दिलं. मुख्य औषध स्टेरॉईड, त्याचं नाव प्रेडनिसोलोन. पण ते लगेच सुरू करत नाहीत. आत कुठं टीबी लपलेला असेल तर स्टेरॉईडनं उसळतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि मॉन्टू टेस्ट. या टेस्टमध्ये हाताच्या कातडीखाली एक छोटं इंजेक्शन देतात आणि तीन दिवस थांबून तिथं गाठ येते का बघतात. ते तीन दिवस मी त्या टिकलीएवढ्या जागेकडे बघत काढले. गाठ आली नाही. चौथ्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या, आणि आमचे दिवस तिथून मोजायला लागले.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. “बहुतेक मुलांची लघवी पहिल्या दोन आठवड्यांत साफ होते. काहींना वेळ लागतो. सहा आठवडे रोज गोळ्या देऊ. लागोपाठ तीन दिवस लघवीत प्रोटीन दिसलं नाही की आजार दबला असं म्हणायचं. सहा आठवड्यांत नाहीच झालं, तर स्टेरॉईड लागू पडत नाही असा अर्थ. मग पुण्याला पाठवावं लागेल, बायोप्सीला.” बायोप्सी म्हणजे सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं. “अशा काही मुलांच्या किडन्या पुढं खराब होतात. सगळ्यांच्या नाही. पण तुम्हाला माहीत असायला हवं.”

म्हणजे बेचाळीस दिवस. त्यात तीन सकाळी साफ पाहिजेत.

तपासणी घरीच करायची होती, रोज, झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या लघवीची. सिस्टरनं शिकवलं. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, चिमट्यात धरून वरचा भाग गॅसवर उकळायचा, व्हिनेगरचे चार थेंब टाकायचे. प्रोटीन असेल तर पांढरं धुकं धरतं. मग नळीमागं छापील कागद धरायचा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर साफ. पुसट दिसली तर एक-दोन अधिक. दिसलीच नाहीत तर तीन-चार.

सिस्टर सांगत होती आणि मला केंद्रातली नळी दिसत होती. मी दिवसभर दुसरं काय करते? आलेल्या प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध नळीत घेऊन उकळते. फाटलं तर कॅन परत. रोज सकाळी दीडशे कॅन मी असे बघते. माझी नजर चुकत नाही म्हणून केंद्रात माझं नाव आहे, शेतकरी माझ्याशी हुज्जत घालत नाहीत. आणि घरी मला फक्त दिवा लावून पोरीच्या तोंडाकडे बघायचं होतं. ती उठेल म्हणून मी कधी दिवाही लावला नाही.

मला पंधरा दिवसांची रजा मिळाली. घरी आल्यावर रोज सकाळी मीच नळी उकळायची. दिवस सातवा, चार अधिक. नववा, तीन. अकरावा, तीन. मीठ बंद होतं, त्यामुळे ईशू जेवताना रडायची. स्टेरॉईडनं भूक भयंकर वाढते. अर्ध्या तासापूर्वी जेवलेली पोर भाकरीच्या टोपल्याभोवती घुटमळायची आणि अळणी पिठलं बघून ताट ढकलायची. आत्या तिच्यासोबत स्वतःही अळणी जेवायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

बाराव्या दिवशी रजेचे दोनच दिवस उरले. नळीत तीन अधिकच होते.

आमचे सुपरवायझर जाधव साहेब, माणूस वाईट नाही. मी म्हटलं, “साहेब, महिनाभर मला सकाळी आठला येऊ द्या. संध्याकाळी पाहिजे तेवढं थांबते.”

ते खाली बघत म्हणाले, “मॅडम, म्हशी काय आपल्या सोयीनं दूध देत न्हाईत. आठला तुमी येणार, तवर टँकर भरून जातोय. दुसरं माणूस हाय का माझ्याकडं?”

नव्हतं. मला ते माहीत होतं, तरी विचारलं होतं.

ईशूचे पप्पा त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होते, तेही सहाला बाहेर. राहिल्या आत्या. मी त्यांना दोन सकाळी समोर बसवून शिकवलं. चिमटा कसा धरायचा, ज्योत कुठं लावायची, थेंब किती. शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवून म्हटलं, “नळीमागं हे धरायचं आत्या. अक्षरं दिसली की साफ.” त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. मी निर्धास्त झाले.

पंधराव्या दिवशी सकाळी सव्वासातला केंद्रात माझा फोन वाजला. आत्यांचा आवाज आनंदानं चढलेला होता. “सारिके, अक्षरं दिसत्यात गं!”

सोळाव्या दिवशीही दिसली. सतराव्या दिवशीही. तीन दिवस! मी वहीत तीनदा ‘साफ’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. केंद्रात पेढे वाटले. जाधव साहेबांनी पेढा कपाळाला लावून मग खाल्ला. मला वाटलं, झालं, सुटलो.

एकविसाव्या दिवशी दवाखान्यात दाखवायचं होतं. डॉक्टरांनी त्यांच्या लॅबमध्ये लघवी तपासली आणि रिपोर्ट दोनदा वाचला. मग माझी वही उघडली.

“हे कोण बघतं घरी?”

“मी बगती साहेब,” आत्या म्हणाल्या.

“आजी, इथं तीन अधिक आहे. तुमच्याकडे सात दिवस साफ कसं? नळीतून कुठलं अक्षर दिसत होतं तुम्हाला?”

आत्यांनी पदराचं टोक धरलं. “काळं काळं दिसत हुतं की,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मला न्हाय वाचाय येत साहेब.”

ईशू डॉक्टरांच्या टेबलावरचं स्टेथोस्कोप ओढून बघत होती.

बाहेर गाड्या लावतात तिथं मी आत्यांना नको ते बोलले. येत नाही तर सांगायचं होतं, मान कशाला हलवली, सात दिवस गेले पोरीचे, तुमच्यावर विसंबले हीच चूक झाली. लोक बघत होते. त्या पिशवी छातीशी धरून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “तू एवढं भराभर सांगून निघालीस. तुला म्हाईत असंल वाटलं.”

हे वाक्य मी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा ऐकत होते. आठ वर्षं मी या बाईच्या हातचं जेवतेय, माझं मूल तिच्या हाती टाकून मी बाहेर पडते, आणि तिला अक्षरओळख नाही हे मला माहीत नव्हतं. बचत गटाच्या कागदावर सही करताना मी त्यांना पाहिलं होतं. ती सही म्हणजे त्यांनी गिरवून पाठ केलेला एक आकार होता. गोळ्यांची पाकिटं त्या रंगावरून ओळखायच्या आणि कधी चुकल्या नाहीत, म्हणून मला वाटलं वाचतात.

मी त्यांची माफी मागितली, पण लगेच नाही. दोन दिवसांनी, त्या भाकरी करत होत्या आणि मी जेवत होते तेव्हा, त्यांच्याकडे न बघता मागितली. त्यांनी “राहू दे” म्हटलं आणि मला पुढची भाकरी वाढली. मला आजही त्या गाड्यांमधलं माझं बोलणं आठवलं की लाज वाटते.

डॉक्टरांनी दिलासा दिला होता की औषध चालूच होतं, त्यामुळे त्या आठवड्यात उपचारांचं नुकसान झालं नाही. झालं ते एवढंच की आम्ही खोट्या आनंदात होतो. आता एकवीस दिवस उरले होते. पुण्याच्या डॉक्टरांचं नाव एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी माझ्याकडे दिलं. ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली, आणि पर्स उघडायचीच भीती बसली.

ईशूच्या पप्पांनी कंपनीत कायमची दुसरी पाळी मागून घेतली. ती कुणालाच नको असते, त्यामुळे लगेच मिळाली. ते दुपारी दोनला निघायचे, मध्यरात्री यायचे आणि साडेसहाला उठून नळी उकळायचे. फोटो काढून मला पाठवायचे. मी केंद्रात एका हातात दुधाची नळी आणि दुसऱ्या हातात फोन धरून त्या धुक्यामागची अक्षरं शोधायची.

त्या दिवसांत आम्ही दोघं जागेपणी दुपारचे दोन-अडीच तास भेटायचो, तेही झोपेनं जड झालेले. बाकी बोलणं तपासणीच्या वहीत. तारखेपुढं ‘तीन अधिक’, आणि समासात ‘सिलेंडर सांगितला’, ‘शाळेत मीटिंग आहे, तू जा’, ‘तुझं डोकं दुखत होतं, थांबलं का?’ डॉक्टर वही बघताना ते सगळं वाचायचे आणि पान उलटायचे.

दिवस पंचविसावा, तीन. अठ्ठाविसावा, तीन. तिसावा, तीन. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. कुणाला काही करता येत नव्हतं. डॉक्टरांना विचारलं की आणखी काय करू, तर ते म्हणायचे, “गोळ्या वेळेवर द्या आणि वाट बघा.” कॅन खराब निघाला तर मी परत पाठवते, तिथं माझा शब्द चालतो. इथं मी नळी उकळायची आणि जे दिसेल ते लिहायचं, बस.

त्यातच स्टेरॉईडनं ईशूचं तोंड गोल झालं. त्याला मून फेस म्हणतात, औषध कमी झालं की जातं. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, “आता सुधारली बरं का पोर.” मी दार लावून घेतलं.

एकतिसाव्या दिवशी फोटोत काहीतरी वेगळं वाटलं. मी तो मोठा करून पाहिला. कॅलेंडरवरचा ठळक आकडा पुसट दिसत होता. दोन अधिक. चौतिसाव्या दिवशी एक. छत्तिसाव्या दिवशी पप्पांनी फोटोखाली काहीच लिहिलं नाही. नळीमागं ‘संकष्टी’ हा बारीक शब्द मला सरळ वाचता आला. मी फोन खिशात ठेवला आणि पुढचा कॅन घेतला. आता मला कशाचाच विश्वास वाटत नव्हता.

सदतीस, साफ. अडतीस, साफ. त्याच दिवशी दवाखान्याच्या लॅबमधूनही ‘निल’ असा रिपोर्ट आला. पप्पांनी फोनवर तो शब्द सांगितला तेव्हा मी रिकाम्या कॅनवर बसले आणि मला रडू आवरेना. जाधव साहेब काही न विचारता माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी पुढचे वीस-एक कॅन स्वतः तपासले.

हा आजार एकदाच येऊन जात नाही. सर्दी-खोकल्याचं निमित्त होतं आणि तो उलटतो. त्याला रिलॅप्स म्हणतात. बरीच मुलं वयात येईपर्यंत यातून बाहेर पडतात, तोवर रोज सकाळी नळी. ईशूची मधल्या काळात गोळी एक दिवसाआड झाली, मग बंद झाली, तोंड पुन्हा मूळचं झालं. पप्पांना कंपनीनं पुन्हा फिरत्या पाळीवर टाकलं. नळी परत आत्यांकडे आली.

या वेळी शिकवायला मी नाही बसले, त्यांनीच मला बसवलं. गोधडी शिवायच्या त्यांच्या डब्यातून दोन काळे दोरे काढले, एक जाड, एक बारीक. पांढऱ्या पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी टाचले आणि म्हणाल्या, “मला अक्षर न्हाय कळत. दोरा कळतोय. आता तू तुज्या कागदावर बघ, मी माज्या दोऱ्यावर बघती, आन् दोघी ताडून बघू.” आठ दिवस आम्ही दुपारी साध्या पाण्यात दुधाचे थेंब टाकून धुकं करत होतो आणि ताडत होतो. एकदाही फरक पडला नाही. त्या पुठ्ठ्याचा आमच्या डॉक्टरांनी फोटो काढून ठेवलाय. वाचता न येणाऱ्या आयांना ते तो दाखवतात.

मला कुणी विचारतं, नोकरी आणि मूल दोन्ही कसं सांभाळलं? सांभाळलं नाही, हे खरं उत्तर आहे. मी आजही पहाटे पावणेपाचला निघते. आता एवढंच करते की घरातल्या तिघांनी दिवसात जे पाहिलं ते वहीत लिहायचं. आत्या सांगतात, ईशू लिहिते. डॉक्टरांचे, सिस्टरचे, जाधव साहेबांचे उपकार आहेत. आत्यांचे फेडायचे म्हटलं तर मला जमणार नाही.

गेल्या थंडीत पहिला रिलॅप्स आला. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि नवव्या दिवशी लघवी साफ झाली, हे आधीच सांगते म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. मला फक्त त्या सकाळचं सांगायचंय.

साडेसातला आत्यांचा फोन आला. त्या एका दमात बोलल्या. “सारिके, बारका दोरा न्हाय दिसत. जाड बी धुरकट हाय. मी दोनदा उकळून बगितलं. डोळं बी सुजल्यात. ये तू.”

पप्पा पहिल्या पाळीला होते, त्यांचा फोन कंपनीच्या गेटवर जमा. माझ्यापुढं तेवीस कॅन होते. जाधव साहेब टँकरबरोबर गेलेले. मी “येते” म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मी ते तेवीस कॅन तपासले. सोडून निघता आलं असतं का? आलं असतं. लोकांचं दूध उन्हात राहिलं असतं, बोलणी बसली असती, कदाचित मेमो मिळाला असता. माझ्या पोरीच्या किडनीपुढं ते काहीच नव्हतं, हे कळत होतं आणि हात थांबत नव्हते. नळी घ्यायची, उकळायची, बघायची, पुढची. शेवटचा कॅन झाला तेव्हा पाऊण तास गेला होता. स्कुटीवर पूर्ण रस्ता मी स्वतःला शिव्या देत होते. तिला काय सांगायचं, का उशीर झाला म्हणायचं, याची वाक्यं जुळवत होते.

ईशू पायरीवर बसली होती. स्वेटर, कानटोपी, शेजारी दवाखान्याची पिशवी. पापण्या इतक्या सुजलेल्या की मला बघायला तिला मान मागं करावी लागली. स्कुटी ओळखल्यावर ती उठून उभी राहिली आणि घरात वळून आनंदानं ओरडली, “आजी, मम्मी आज लवकर आली!”